शनीची स्थळपाहणी

जावकराव हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. परवाना कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर माणूस एकवीस वर्षं बसला, की खरं आडनाव फक्त पगारपत्रकात उरतं. येणाऱ्या कागदावर आवकचा शिक्का, जाणाऱ्यावर जावकचा आणि मधल्या वेळात चहा, असा त्यांचा संसार सुरळीत चालला होता. आता, जावकरावच का, आवकराव का नाही, असं कुणी विचारलं तर ऑफिसातले लोक सांगत, "आवकराव म्हटलं की यांना वरून काही मिळतं की काय, असा संशय येतो. उगाच कशाला माणसाची बदनामी?"

तर अशा या जावकरावांना एका सोमवारी नव्या साहेबांनी भर हॉलमध्ये झापलं. कारण एवढंच, की एका पत्रावर शिक्का उलटा पडला होता. साहेब वयाने चौदा वर्षांनी लहान. त्यांनी ते पत्र मेलेल्या झुरळासारखं दोन बोटांत धरलं, सगळ्या टेबलांना फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "बघा. याला म्हणतात एकवीस वर्षांचा अनुभव!" हॉल हसला. शिपाई तर मुद्दाम आत येऊन हसून गेला.

त्याच संध्याकाळी जावकरावांची दाढ ठणकायला लागली. अपमान आणि दाढ यांचा काही शास्त्रीय संबंध असेल तर तो विद्वानांनी शोधावा. ते दातांच्या डॉक्टरकडे गेले. नंबर लागायला वेळ होता, म्हणून त्यांनी तिथलं एक मुखपृष्ठ गमावलेलं जुनं मासिक उघडलं. त्यात लिहिलं होतं, की आपल्या पृथ्वीएवढे तेरा लाख गोळे एकट्या सूर्यात मावतात, आणि तो सूर्यसुद्धा म्हणे अगदीच किरकोळ. त्याच्यासारखे अब्जावधी आपल्या एका आकाशगंगेत पडलेत. जावकरावांनी मासिक मिटलं, डोळे मिटले आणि त्या सगळ्या पसाऱ्यात साहेबांची केबिन शोधायचा प्रयत्न केला. सापडेना! दाढ काढून घेतानासुद्धा ते हसत होते. डॉक्टरला वाटलं, इंजेक्शन डोक्यापर्यंत चढलं.

दुसऱ्या दिवशी साहेब समोर आले तेव्हाही जावकरावांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं.

"काय झालं हसायला?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. तुमचा आकार डोळ्यांसमोर आणत होतो."

साहेब अंगाने जरा भरलेले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पोट आत घेऊन वावरले आणि कुणालाच काही बोलले नाहीत. विश्वदर्शनाचा हा पहिला लाभ. जावकराव त्या क्षणापासून या विषयाच्या नादी लागले ते लागलेच.

घरी मात्र विश्व इतकं सहज लागू पडेना. जावकरावांची बायको, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनी, एका प्रयोगशाळेत कामाला होत्या. लोकांचं रक्त काचेवर घ्यायचं, भिंगाखाली ठेवायचं आणि पेशी मोजायच्या, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. एवढं जावकरावांना ठाऊक होतं. त्यापलीकडे त्यात काही विचारण्यासारखं असेल, असं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. बुधवारी त्यांच्या हातून दूध उतू गेलं. वहिनी कामावरून येऊन बघतात तर ओटाभर दूध आणि हे मासिकाची कात्रणं चिकटवताहेत.

"अहो, हे काय?"

"अगं, आकाशगंगेच्या मानाने विचार केलास तर हे दूध म्हणजे..."

"मग बोलवा तुमच्या आकाशगंगेला ओटा पुसायला!"

ओटा जावकरावांनीच पुसला. पण पुसता पुसता त्यांना पटलं, की नुसत्या कात्रणांवर भागायचं नाही. विश्व स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याच्या काचेच्या खिडकीत एक दुर्बीण वर्षानुवर्षं शोभेला उभी होती. तिच्यावर जरा धूळ आणि बरीचशी उन्हं बसली होती. जावकरावांनी ती मागितली तेव्हा चष्मेवाल्याला गिऱ्हाइकाविषयी एकदम जिव्हाळा वाटू लागला. त्याने ती स्वतः पुसून दिली, तिपाई जोडून दिली आणि दाराशी येऊन बजावलं, "डावीकडचा तो बारीक स्क्रू मात्र कधी हलवू नका हं."

"का? काय होतं?"

"कल्पना नाही. मला वडिलांनी सांगितलं होतं."

दुर्बीण जिन्यातून वर नेताना इमारतीतल्या प्रत्येक दाराने सल्ला दिला. तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, की एक डोळा मिटून बघायचं तर चांगला डोळा मिटावा, म्हणजे बिघडला तर आधीचाच बिघडलेला बिघडेल. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटाने दुर्बिणीचा विमा काढलाय का असं विचारलं. नाही म्हटल्यावर "मग बघणाऱ्याचा?" असं विचारून फॉर्म काढायला तो आत गेला. तो बाहेर यायच्या आत जावकराव दुसऱ्या मजल्यावर पोचले. त्या वयात, त्या ओझ्यासकट, हा विक्रमच म्हणायचा.

खरी अडचण गच्चीपाशी आली. गच्चीला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त माणूस. नोकरीत असताना त्यांच्या हाताखाली तीस माणसं होती. आता त्या तिसांच्या जागी ही इमारत होती.

"अर्ज द्या," सेक्रेटरी म्हणाले.

"अहो, नुसती किल्ली तर हवीय. तासाभरात परत देतो."

"लेखी द्या. प्रयोजन लिहा."

एकवीस वर्षं जावकरावांनी हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. ऐकून घ्यायला कसं वाटतं ते त्यांना त्या दिवशी कळलं. मुकाट्याने घरी जाऊन त्यांनी अर्ज लिहिला. प्रयोजनापुढे लिहिलं, 'वैयक्तिक विश्वदर्शन'. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला, चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचला आणि नियमावली उघडली.

"गच्चीच्या वापराची कारणं तीनच आहेत. कपडे वाळत घालणे, टाकी धुणे, अँटेना सरळ करणे. यात विश्व कुठे आहे, दाखवा."

"म्हणजे परवानगी नाही?"

"मी असं कुठे म्हणालो? विश्व बसवायचं असेल तर सर्वसाधारण सभेत ठराव आणावा लागेल. सभा वर्षातून एकदा. या वर्षीची मागच्याच महिन्यात झाली."

जावकरावांचा स्वाभिमान आता चांगलाच दुखावला होता. शनी संध्याकाळी सातच्या सुमाराला पश्चिमेकडे दिसतो आणि आणखी तीन-चार आठवड्यांनी दिसेनासा होतो, असं त्यांनी वाचून ठेवलं होतं. शनीला अकरा महिने थांबा म्हणणार कोण? शेवटी त्यांनी शुक्रवारी एक बादली घेतली, तिच्यात चार ओले टॉवेल टाकले, दुर्बीण चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतली आणि "कपडे वाळत घालतो" म्हणून किल्ली मागितली.

"चादर फार ताठ दिसतेय," सेक्रेटरी म्हणाले.

"खळ जास्त झाली," जावकराव म्हणाले.

गच्चीवर जाऊन त्यांनी नियमाला धरून आधी टॉवेल वाळत घातले, मग दुर्बीण उभी केली. पुढचा अर्धा तास त्यांना अनुक्रमे काळोख, स्वतःची पापणी, पुन्हा काळोख आणि एक कबुतर दिसलं. आकाशात डोळ्यांना ढळढळीत दिसणारा ठिपका नळीतून बघायला गेलं की नेमका पसार व्हायचा. मासिकात हे कुणी लिहिलं नव्हतं. घामाघूम होऊन जावकरावांनी शेवटी तो डावीकडचा बारीक स्क्रू पिरगळला. नळी खाड्कन खाली कलली. त्यांनी सहज डोळा लावला.

समोर पिवळाधमक गोळा तरंगत होता. गोळ्याभोवती रुंद, चपटं, चकचकीत कडं!

"दिसला!" जावकराव ओरडले. "अगं, शनी दिसला! कडं दिसलं!"

ऐकायला टॉवेलांशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी पुन्हा डोळा लावला. आता शनीच्या मागून काहीतरी सरकलं. शनीवर जीवसृष्टी होती! ती जाडसर होती, उलटी होती, आणि तिच्या हातात झारा होता. क्षणभर जावकरावांच्या डोळ्यांपुढून वर्तमानपत्रांचे मथळे गेले. मग जीवसृष्टीने कमरेवर हात ठेवले, थेट दुर्बिणीत रोखून पाहिलं आणि तिचं तोंड हलू लागलं. दुर्बिणीतून आवाज येत नाही. हा मात्र दुर्बिणीशिवायच आला.

"कोण आहे रे तो मेला गच्चीवर!"

हा आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा होता. समोरच्या इमारतीत हेडबाई राहत. चाळीस वर्षं शाळेत घालवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. जावकरावांना जो शनी वाटला तो त्यांच्या स्वयंपाकघरातला, वर पत्र्याची गोल झाकणी असलेला दिवा होता. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, हेही मासिकात लिहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी हेडबाई सेक्रेटरींकडे आल्या. दुपारी सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, 'गच्चीवरून शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचे निरीक्षण करण्यास सक्त मनाई आहे.' खाली नाव नव्हतं, पण दुर्बिणीचं चित्र होतं. रविवारी जिन्यात जावकरावांना बघून बायकांनी पदर आणि ओढण्या सावरल्या. शिंपीकाकांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पण खरं सांगा, स्पष्ट दिसतं का हो?"

"मी शनी बघत होतो!"

"हो हो. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

घरी वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "हेडबाईंना? बघायचंच होतं तर अजून कुणी नाही मिळालं?"

हे हसू जावकरावांना सगळ्यात जास्त लागलं. त्यांनी विश्वाचा आधार घ्यायचा खूप प्रयत्न केला. तेरा लाख पृथ्वी, अब्जावधी सूर्य, सगळं मनात म्हणून पाहिलं. पण काही केल्या त्या सगळ्या पसाऱ्यापेक्षा जिन्यातली कुजबुजच मोठी वाटायची.

आणि मग मंगळवार उजाडला. सकाळच्या टपालाचा गठ्ठा फोडताना जावकरावांच्या हाताला एक लिफाफा लागला. वळणदार, ठसठशीत, फळ्यावरचं वाटावं असं अक्षर. 'विषय: आपल्या कार्यालयातील आवक-जावक लिपिकाचे नळीद्वारे गैरवर्तन.'

हॉलमध्ये कुणाचं लक्ष नव्हतं. शिपाई चहाला गेला होता. पत्र फाडून कपाटामागे टाकलं असतं तर विश्वात कुणालाही पत्ता लागला नसता. ते विश्व किती मोठं आहे हे तर आता जावकरावांइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी पत्र दुमडलं. खिशात घातलं. पाणी प्यायले. पुन्हा बाहेर काढलं. एकवीस वर्षांत या टेबलावर आलेला एकही कागद त्यांनी गायब केला नव्हता. लोकांनी आमिषं दाखवली होती, धमक्या दिल्या होत्या, एकाने तर टेबलावर डोकं आपटून घेतलं होतं. कागद आला की आला! जावकरावांनी नोंदवही उघडली, स्वतःविरुद्धच्या तक्रारीला आवक क्रमांक दिला आणि शिक्का मारला. या वेळी शिक्का अगदी सरळ पडला.

तासाभराने साहेबांनी आत बोलावलं.

"हे पत्र तुम्हीच आवक केलंत?"

"हो साहेब."

"वाचून?"

"विषय लिहावा लागतो ना साहेब नोंदवहीत."

साहेबांनी तो सरळ शिक्का एकदा तपासून पाहिला. मग खुर्चीत जरा चुळबुळले आणि म्हणाले, "या बाई आम्हाला शाळेत होत्या. सहावी-सातवी. त्यांचा कागद मला बाजूला ठेवता येणार नाही." इथे साहेबांचा आवाज थोडा बारीक झाला. "आणि आपल्या कार्यालयात स्थळपाहणीशिवाय काही निकाली निघत नाही. गुरुवारी सात वाजता मी स्वतः येतो. पत्रात लिहिलंय, तुम्ही म्हणे शनी बघत होता. तो प्रत्यक्ष दाखवा. दिसला तर प्रकरण बंद. नाही दिसला, तर मग चौकशी."

साडेसाती मागे लागते हे लोकांना ठाऊक असतं. ती तारीख-वार ठरवून, साहेबांसह घरी यायची वेळ फार थोड्यांवर येते.

गुरुवारी सातला गच्चीवर जत्रा भरली. सेक्रेटरींनी एवढ्या माणसांना परवानगी कशी दिली, असं कुणी विचारू नये म्हणून प्रत्येकाच्या हातात एकेक ओला रुमाल दिला होता. साहेब आले. हेडबाई काठी टेकत, चार जिने न थांबता चढून आल्या. साहेबांनी त्यांना बघताच दोन्ही हात मागे बांधले आणि सरळ उभे राहिले.

जावकरावांनी दुर्बीण लावली. बोट लागलं की नळी डुलायची. आधी टाकी दिसली. मग टाकीचा पाइप. मग साहेबांचा कान.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"कान, साहेब."

"शनीला कान?"

हेडबाईंनी काठी आपटली. "मी सांगितलं नव्हतं? वेळकाढूपणा चाललाय सगळा!" मागे कुणीतरी खुसखुसलं. सेक्रेटरी वहीत वेळ लिहू लागले. जावकरावांच्या कपाळावरचा घाम भिंगावर पडला आणि आता टाकीसुद्धा दिसेनाशी झाली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. प्रयोगशाळेतून थेट, खांद्याला पर्स, अंगात तो पांढरा कोट तसाच. त्यांनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. कालपर्यंत त्या हसत होत्या. आज हसल्या नाहीत.

"सरका," त्या म्हणाल्या.

त्यांनी भिंगावरचा घाम कोटाच्या खिशातल्या मऊ कागदाने टिपला. डावीकडचा स्क्रू घट्ट केला. नळीच्या बाजूने आकाशातला ठिपका पाहिला, नळी जराशी उचलली, गोल खुंटी दोन बोटांनी केसभर फिरवली. परत केसभर उलट. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा लागलं नसेल.

"या बाई," त्या हेडबाईंना म्हणाल्या. "नळीला हात लावू नका. नुसतं बघा."

हेडबाई वाकल्या. मग त्यांनी नळीच्या पुढच्या टोकाला हात आडवा धरला, काढला, परत धरला.

"चित्र चिकटवलंय का आत?"

"नाही बाई. हात धरला की जातं ना? खरंच आहे."

हेडबाई पुन्हा वाकल्या. या वेळी बराच वेळ. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मधे फट आहे," त्या पुटपुटल्या.

"कसली फट?" सेक्रेटरींनी पेन सरसावलं.

"ग्रह आणि कडं यांच्यामधे. काळी फट आहे. चांगली रुंद." हेडबाई कठड्याला टेकल्या. "मी चाळीस वर्षं फळ्यावर कडं ग्रहाला चिकटवून काढलं. पोरांनी फट सोडली की अर्धा गुण कापायची. म्हणायची, घाई करता, नीट चिकटवत नाही."

साहेब एक पाऊल पुढे आले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"बाई," ते म्हणाले, "माझाही कापला होता."

"असेल."

"असेल नाही बाई, होता! सहामाही परीक्षा. मी पुस्तकातलं चित्र भिंग लावून बघून फट काढली होती. मी तुम्हाला म्हटलंही होतं. तुम्ही मला बाकावर उभं केलंत. माझा पहिला नंबर अर्ध्या गुणाने गेला!"

समोर दीड अब्ज किलोमीटरवरून आलेला उजेड वाट बघत होता. पण साहेबांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा खालचा ओठ थरथरत होता. हेडबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, एकतीस वर्षांमागचं तोंड शोधलं आणि सेक्रेटरींकडे हात केला. "वही द्या." त्यांनी वहीचं एक पान फाडलं, त्यावर ठसठशीत अक्षरात काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि साहेबांना दिलं. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली, आतल्या खिशात ठेवलं आणि दोन मिनिटं टाकीकडे तोंड करून उभे राहिले. नंतर वळून म्हणाले, "प्रकरण बंद."

मग काय, सगळ्यांनाच शनी बघायचा होता. ढकलाढकली सुरू झाली. विमा एजंट दोनदा घुसला. जावकरावांना बेशिस्त बघवेना. त्यांनी सेक्रेटरींची वही घेतली, क्रमांक टाकले, चिठ्ठ्या वाटल्या आणि एकेकाला नावाने पुकारायला लागले. पृथ्वी फिरत असल्यामुळे शनी सारखा नळीतून निसटायचा, वहिनी तो परत पकडून द्यायच्या आणि जावकराव पुढचा नंबर सोडायचे. साहेबांना चौदावा मिळाला. तेही निमूट रांगेत उभे राहिले.

शेवटची चिठ्ठी संपली तेव्हा शनी समोरच्या इमारतीमागे गेला होता. लोक रुमाल झटकत खाली उतरले. वहिनींनी विचारलं, "तुम्ही बघितलात ना?"

जावकरावांनी वही चाळली. "माझा नंबर टाकायचाच राहिला."

वहिनींनी दुर्बीण चादरीत गुंडाळली. पण शुक्रवारी त्या प्रयोगशाळेतून लवकर सुटून आल्या. किल्ली न मागताच सेक्रेटरींनी वर पाठवून दिली होती. गच्चीवर दोघंच होते. वहिनींनी शनी लावला, एक हात खुंटीवर ठेवून त्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या. एक डोळा मिटू नका हं. सगळे मिटतात आणि दमतात. दोन्ही उघडे ठेवायचे. आम्ही दिवसभर तसंच बघतो."

जावकराव वाकले. अंधारात एक चिमुकला फिकट पिवळा गोळा, भोवती कडं, मधे खरंच फट. तो थोडा सरकला की वहिनींची बोटं हलायची आणि तो पुन्हा मधोमध यायचा. जावकराव बराच वेळ बघत राहिले. आता ते तेरा लाखांबद्दल काहीतरी बोलणार म्हणून वहिनींनी मनाची तयारी केली.

"अगं," ते म्हणाले, "तुझा हात किती स्थिर आहे गं!"

"तुम्ही शनी बघताय की माझा हात?"

"दोन्ही," जावकराव डोळा न काढता म्हणाले. "तूच सांगितलंस ना, दुसरा उघडा ठेवा म्हणून."